भातातले पांढरे छर्रे

रघू, दोन आठवड्यांपूर्वी मंगळवारी दुपारी जेवण झाल्यावर तू हात धुवायला मागच्या माडाकडे गेलास आणि तिथेच खाली बसलास. वनिताने, तुझ्या बायकोने, हाक मारली, तू ओ दिली नाहीस. मालवणला पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं. डॉक्टरांनी कारण लिहिलं, हृदयविकाराचा तीव्र झटका.

बाकीचा तपशील मी आमच्या वर्तमानपत्राच्या अंकात दिला आहे. वय, शिक्षण, मागे कोण कोण. एका कॉलमात बसला. तो इथे पुन्हा देत नाही. तुझ्या दहाव्याला खाडीवर जे झालं ते त्या बातमीत नव्हतं, कारण ते नंतर झालं. त्याची मला किळस आली. अजून येते. तुझ्यासाठी रडायला बसले की आधी तीच वर येते आणि रडणं राहून जातं. म्हणून आधी ती लिहून काढते.

तुझा धंदा काय होता हे तुला सांगायला नको, पण वाचणाऱ्यांना सांगावं लागेल. देवबागला एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी. मधल्या चिंचोळ्या पट्टीत, खाडीच्या अंगाला, तुमची सुरूची झाडं असलेली जागा. पॅरासेलिंगच्या बोटीवरची नोकरी सोडून तू तिथे एअरसॉफ्टचं मैदान काढलंस. खऱ्यासारख्या दिसणाऱ्या बंदुका, तोंडावर जाळीचा मुखवटा, डोळ्यांवर चष्मा, आणि सहा मिलिमीटरचे प्लॅस्टिकचे छर्रे. दोन संघ झाडांआड लपून एकमेकांवर ते मारतात. ज्याला लागेल त्याने हात वर करून स्वतःहून बाहेर जायचं. पंच नसतो. सगळा खेळ खरं बोलण्यावर चालतो, आणि म्हणून त्यात सतत भांडणं होतात.

बाहेरचे खेळाडू ‘हिट’ म्हणत. तू ‘लागलो’ म्हणायला लावायचास. पहिल्या हंगामात बनातून ‘लागलो, लागलो’ अशा आरोळ्या ऐकून मावशी, म्हणजे तुझी आई, पदर खोचून धावत आली होती.

“कोणाक काय लागला रे? भूत?”

“आये, छर्रो लागलो. खेळ आसा.”

“असलो कसलो खेळ! मराची आरड घालतत आणि मगे हसतत मेले.”

ते छर्रे पांढरे होते. विकणाऱ्याने तुला सांगितलं होतं की हे मक्यापासून केलेले आहेत, जमिनीत पडले की विरघळून माती होतात. दमट हवेत खराब होतील म्हणून तू ते स्वयंपाकघरात फडताळात, घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवलेस. एकादशीच्या आदल्या रात्री मावशीने त्यातले वाटीभर काढून भिजत घातले. सकाळी मी तुमच्याकडेच होते. मावशी वाटी घेऊन पडवीत आली आणि दुकानदाराच्या सात पिढ्या काढायला लागली.

“रातभर भिजत घातलंय, एक दाणो फुगाक नाय! कसलो हो साबुदाणो? फसवल्यान मेल्यान!”

वनिता हसून हसून खाली बसली. तूही हसलास. त्या दिवसापासून वाडीत छर्ऱ्यांना साबुदाणो हेच नाव पडलं. मग तू ती वाटी हातात घेतलीस आणि एक छर्रा दाताखाली धरून पाहिलास. वाटी खिडकीत ठेवलीस. पाणी आटलं की पुन्हा घालायचास. पुढची एकादशी गेली, त्याच्या पुढचीही गेली. एकही दाणा मऊ पडला नाही.

मी तेव्हा म्हटलं, आता बंद कर. तू म्हणालास, “ऱ्हवणारो आसा तर दिसाक व्हयो. दिसलो तर वेचूक येता.”

तिथून तुझं रंगांचं सुरू झालं. छर्रे बरेच रंगांचे मिळतात. पांढरा हवेत उडताना दिसतो, त्यामुळे नेम कुठे चुकला ते मारणाऱ्याला कळतं. काळा आणि शेवाळी हिरवा दिसत नाहीत, म्हणून मुरलेले खेळाडू तेच मागतात. कोणता घ्यायचा हे सगळीकडे खेळणारे ठरवतात. तुझ्याकडे ते मावशीने ठरवलं. तिच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे, दुसऱ्याला चष्मा. तू प्रत्येक रंगाचे मूठभर छर्रे आधी वाळूवर, मग सुरूच्या गळलेल्या काड्यांवर टाकायचास आणि तिला वेचायला बसवायचास. सुपात जे परत आलं नाही ते बाद. पांढरा वाळूत गेला. काळा आणि हिरवा काड्यांत गेले. निळा सावलीत हरवला. पिवळा मावशीने वाळलेलं पान समजून सोडला. उरले दोन, शेंदरी आणि भडक गुलाबी.

“आयेक दिसना नाय तो रंग माझ्या बनात नाय,” तू सांगून टाकलंस.

गुलाबी पाहून कोल्हापूरचा आशिष जवळजवळ रडला होता. दर शनिवार-रविवारी तो गाड्या भरून खेळाडू आणायचा, त्यामुळे त्याचं ऐकणं भाग असे. “दादा, पोरं अंगावर लष्करी कपडे घालून येतात. गुलाबी गोळ्या घालू त्यांना? फोटोत कसं दिसेल?”

“लग्नात अक्षता टाकल्यासारख्या दिसात,” तू म्हणालास. “एखाद्याचा जमात पण.”

एरवी एका संघाला शेंदरी, दुसऱ्याला गुलाबी. तिसरा संघ आला की त्याच्यासाठी तू दोन रंग मिसळायचास. नारळाच्या करवंटीने मोजून, दोन मापं शेंदरी आणि एक माप गुलाबी, परातीत घालून हाताने फिरवायचास, जसा आपण चिवडा करतो. त्यामुळे भांडण तोडता यायचं. मला लागलंच नाही असं कोणी म्हणाला की तू त्याच्या कॉलरमध्ये, खिशात, बुटाच्या घडीत अडकलेले छर्रे काढायला लावायचास. एकच निघाला तर त्याचं म्हणणं मान्य. दोन निघाले आणि दोन रंगांचे असले, तर तिसऱ्या संघाने मारलं हे पक्कं.

“एक गावलो तर वाद, दोन गावले तर पुरावो,” तू म्हणायचास. आमच्या संपादकांचाही नियम तोच आहे, दोन ठिकाणांहून खात्री. तुला ते सांगितलं तेव्हा तू म्हणालास, “मगे तुमच्या पेपरात ‘समजते’ कित्याक लिवतास? कोणाक समजता? नाव सांगा नायतर लिवा नको.” मी त्यानंतर ‘समजते’ लिहिलेलं नाही. कोणी त्याचं कारण विचारलं नाही. ते श्रेय तुझं आहे, आणि ते मी तुला कधी बोलून दाखवलं नाही.

खेळ संपला की खेळाडूंनी आंघोळीला जायच्या आधी वेचायला बसायचं, हाही तुझा नियम. मैदानाच्या खाडीकडच्या बाजूला तू जवळा पकडायची जुनी बारीक जाळी उभी बांधली होतीस, म्हणजे एकही छर्रा पाण्यात जाऊ नये. मी ती जाळी पाहिली, ते वेचणारे इंजिनिअर आणि बँकवाले पाहिले, आणि तरी माझं मत बदललं नाही. तू कचऱ्याला रंग देतोस, एवढंच मला दिसत होतं. तसं मी तुला तोंडावर म्हटलंही.

“रंग दिलो तर कचरो कोणाचो ता कळता,” तू म्हणालास.

“कळून काय करतलंस?”

“तेच्याकडसून उचलून घेतलंय.”

हा वाद आपण किती वेळा घातला ते मोजलेलं नाही. सर्वांत वाईट तो सुलोचनाकाकीच्या ओट्यावर झाला. काकी तुमच्या शेजारची, मासे विकणारी. एके सकाळी तिने तुला हाक मारून बोलावलं. मी सोबत होते. तिने शिंगाळा चिरला होता. हा मासा तळाचं सगळं गिळतो. केळीच्या पानावर तिने त्याचं पोट उघडून ठेवलं होतं. आत, काळपट घाणीत, छर्रे होते. गाबोळीच्या अंड्यांसारखे एकाला एक चिकटलेले.

“घे, रघू. तुझो साबुदाणो. आता माझ्या गिऱ्हायकाक काय सांगू? भरलेलो मासो आसा म्हणान?”

वास मला आजही आठवतो. मी तोंड फिरवलं. तू फिरवलं नाहीस. बोटांनी ते छर्रे काढलेस, बादलीत धुतलेस, आणि तळहातावर घेऊन उन्हात धरलेस. हिरवे होते.

“हे माझे नाय,” तू म्हणालास.

“माशाक काय फरक पडता?” मी विचारलं.

दुपारी तू आशिषला फोन केलास. त्याच्या मुलांनी आदल्या आठवड्यात स्वतःच्या पिशव्यांतून हिरवे आणले होते आणि तू मालवणला गेलेला असताना जाळीपलीकडे, खाडीच्या काठावर उभं राहून खेळले होते. त्याने ते कबूल केलं. तू त्यांना परत बोलावलंस आणि ओहोटीच्या चिखलात दिवसभर वेचायला लावलंस. संध्याकाळी मला म्हणालास, “हिरवे होते म्हणान कळला. माझ्यासारखे असते तर मीच चोर ठरलंय असतंय.” माझं म्हणणं असं होतं की मासा नासला तो नासलाच. तुझं म्हणणं असं होतं की कोणी नासवला ते कळायला हवं. दोघेही आपापल्या जागी राहिलो. आता तू नाहीस, आणि एकटीने घातलेला वाद जिंकल्यासारखा वाटत नाही.

आता दहाव्याचं.

गुरुवारी सकाळी खाडीच्या काठावर क्रिया होती. तुझा चुलतभाऊ बसला होता. आपल्याकडे बायका सहसा तिथे जात नाहीत, पण मावशी हट्टाने आली, म्हणून वनिता आली, म्हणून मी. पिंड मांडून झाले. केळीच्या पानावर भात ठेवला आणि भटजींनी सगळ्यांना मागे सरायला सांगितलं. दोन कावळे माडावर होते. त्यातला एक खाली उतरून पानाच्या दिशेने चालत येत होता. मावशीने हात जोडले.

त्याच वेळी आशिष आणि त्याचे खेळाडू आले. सगळ्यांनी काळे टीशर्ट घातले होते. छातीवर तुझा फोटो आणि खाली ‘रंग उधळून गेला आमचा दादा’. बंदुका घेऊन ते काठावर ओळीत उभे राहिले. कोणाला काही विचारलं नाही. आशिष म्हणाला, “दादांना सलामी,” आणि त्यांनी खाडीच्या दिशेने वर नेम धरून मारायला सुरुवात केली. एक जण मोबाईलवर चित्रीकरण करत होता.

सकाळी आपल्याकडे मतलई असते, जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा वारा. ते पूर्वेला तोंड करून, वाऱ्याच्या विरुद्ध मारत होते, आणि छर्रे हलके होते. वर गेलेले निम्मे मागे फिरले आणि काठावर पडले. शेंदरी, गुलाबी, पिवळे, निळे, हिरवे, काळे, पांढरे. भटजींच्या टकलावर पडले. दर्भावर पडले. भातावर पडले. कावळे पहिल्याच आवाजाला उडून गेले होते.

मारणं थांबल्यावर कोणीतरी टाळ्या वाजवल्या. मी चेहरा पाहून ठेवला आहे, नाव माहीत नाही.

भटजी म्हणाले, दर्भाचा कावळा करून लावू आणि पुढे जाऊ, तसं चालतं. मावशी ऐकेना. ती पानाजवळ बसली आणि भातातून छर्रे वेचायला लागली. शेंदरी काढले. गुलाबी काढले. मग तिची बोटं भातावर नुसतीच फिरायला लागली. शितं आणि छर्रे तिला एकसारखेच दिसत होते. एक शीत उचलायची, दोन बोटांत दाबून पाहायची, मऊ लागलं की परत ठेवायची. असं ती करत राहिली.

“पांढरे तू काढ गो,” ती मला म्हणाली. “माका भातात दिसनत नाय.”

मी बसले. वीस वर्षं बातमीदारीत अपघात पाहिले, बुडालेली माणसं पाहिली, शवविच्छेदनाच्या खोलीबाहेर उभी राहिले. किळस आली ती त्या पानासमोर. तुझ्या भातात हात घालून मी प्लॅस्टिक शोधत होते, आणि माझ्या पाठीमागे आशिष वनिताला हळू आवाजात सांगत होता, “वहिनी, दादांना रंग फार आवडायचे ना, म्हणून मुद्दाम सगळे आणले.”

“सगळे नाय रे,” वनिता म्हणाली. “दोनच.”

त्याला ते कळलं नाही. तो म्हणाला की मैदान तो चालवील, वहिनींनी काळजी करू नये, आणि दर वर्षी ‘रघूदादा स्मृतिचषक’ भरवायचं सगळ्यांनी ठरवलं आहे. दोन महिन्यांवरचा पहिला चषक त्याने समाजमाध्यमावरच्या आपल्या पानावर जाहीरही केला होता. वनिताला तो हे तेव्हा सांगत होता. तुझा धंदा बंद पडला तर वनिताला घर चालवायला दुसरं काही नाही, हे त्याला माहीत होतं. तिलाही माहीत होतं.

चुलतभाऊ पानासकट भात उचलून पाण्यात सोडायला निघाला, तेव्हा वनिता ओरडली. “ह्यो भात खाडीत टाकू नको! मासे खातले!”

भात पुन्हा शिजवून आणला. दुसऱ्या पानाला कावळा शिवला. किती वेळाने ते मी पाहिलं नाही. मी वाळूत होते, मावशीच्या पुढे, पांढरे शोधत.

त्याच रात्री चित्रीकरण सगळीकडे फिरलं. संथ गतीत रंगीत छर्रे आकाशात जातात, मागे बासरी वाजते. मागे फिरलेले छर्रे त्यात नाहीत, मावशी नाही, भात नाही. दुसऱ्या दिवशी आमच्याच अंकात आतल्या पानावर मथळा होता, ‘लाडक्या दादाला रंगीत मानवंदना’. बातमी माझ्या एका सहकाऱ्याने चित्रीकरणावरून केली होती. तो खाडीवर नव्हता. मला विचारलं नाही. मी संपादकांना सांगितलं की बातमी चुकीची आहे. ते म्हणाले, यात चूक काय, छर्रे रंगीत नव्हते का? ते रंगीत होते.

तू असतास तर फोन केला असतास. “मानवंदना? कोणी मानल्यान गो?”

तुझ्याशी घातलेल्या वादात मी अजून माझ्याच बाजूला आहे, हे सांगायला हवं. गुरुवारी काठावर पडलेल्या सात रंगांपैकी एकही तिथे पडायला नको होता. पण तुझे दोन मावशीने एकटीने वेचले. हे मी पाहिलं, म्हणून लिहिते. आणि हेही लिहिते की तू गेल्यापासून मला चुकीचं ठरवायला उठणारं कोणी उरलेलं नाही. चुकीचं ठरणं मला आवडायचं नाही. तू ते करायचास तेव्हा हातात चहाचा कप द्यायचास, एवढाच फरक.

शुक्रवारी वनिताने आशिषला फोन केला. मी समोर बसले होते. ती म्हणाली, मैदान द्यायचं की नाही ते नंतर बोलू, आधी खाडीवर येऊन तुम्ही टाकलेलं वेचा. तो म्हणाला, दोन मजूर पाठवतो. ती म्हणाली, “मजूर नको. मारल्यानी तेनी येवचा.” तो म्हणाला, रविवारी सगळे येतो.

रविवारी पहाटे ओहोटी होती. वनिता, मावशी आणि मी काठावर गेलो. सुलोचनाकाकी टोपली घेऊन आली. आशिष आला नाही. फोन लागला नाही. भरती चढेपर्यंत आम्ही वेचत होतो. पाण्यात गेलेले गेले.

सोमवारी वनिताने मैदानाच्या फाटकाला कुलूप लावलं आणि आशिषला तसं कळवलं. त्याने उत्तर पाठवलं नाही.

आज सकाळी त्याच्या पानावर जाहिरात पुन्हा पाहिली. चषक ठरलेल्या दिवशीच आहे. ठिकाण बदललं आहे, आता दोडामार्ग, रबराची बाग. तुझं नाव आणि फोटो तसेच आहेत. खाली खेळाडूंसाठी सूचना आहे. छर्रे आयोजकांकडून मिळतील. रंग हिरवा.